पहिलं पाणी

पुडीची किंमत पुन्हा वाढली
हे सांगायला फ्रोइलान दुकानदार स्वतः दारात आला,
टोपी काढून, जणू कुणी वारलंय.
सासूबाई, प्रिमितिवा, उन्हात बसून
टाचांच्या भेगांत चरबी भरत होत्या.
म्हणाल्या, "राहू दे तुझ्याकडेच.
उद्या क्विनोआ तुडवायचाय."

उद्या म्हणजे पहाट. बादलीतल्या पाण्यावर बर्फाची साय.
दगडाच्या खोलगट कुशीत भाजलेले गरम दाणे,
वर मूठभर पांढरी माती, आणि त्यावर त्या उभ्या:
डावा पाय, उजवा पाय, कंबर वळवत, एक हात भिंतीला,
सत्तरीची बाई कुणाच्या तरी लग्नात नाचतेय
आणि वऱ्हाड अजून वाटेतच आहे.
पिवळी धूळ उडते. थेट नाकात.
मी शिंकते, त्या मोजतात.
"सात. अजून साल सुटली नाही."

मग धुणं.
पहिलं पाणी तोंडात घेववत नाही इतकं कडू,
त्याला फेस चढतो बोटभर, मग वीतभर,
घमेल्याच्या काठावरून खाली बघू लागतो.
हे पाणी कपड्यांचं.
दुसरं लामांच्या पाठीवर, उवांसाठी.
ओढ्यात टाकायचं नाही, मासे उलटे होतात.
तिसरं, चौथं… मग त्या एक दाणा जिभेवर ठेवतात,
डोळे मिटतात,
आणि आम्ही सगळ्या सूप कधी चढवायचं याची वाट बघतो.

मधली काही वर्षं हे काहीच नव्हतं.
परदेशातले लोक आमचं धान्य खायला लागले होते.
ट्रक यायचे, पोती न धुताच उचलायचे,
साल काढायला लांब कुठे यंत्र होतं.
आमचा कडूपणासुद्धा तोलून गेला तेव्हा.
पैसे होते. आम्ही पुड्या आणायचो,
पुडीवर जांभळं फूल,
जे या पठारावर कुणी कधी पाहिलेलं नाही,
आणि अख्खं गाव त्या फुलाच्या वासाचं.
मग भाव पडला.
का पडला ते सांगायला मात्र कुणी टोपी काढून आलं नाही.

एउसेबियो तेव्हाच सीमेपलीकडे गेला, कालामाला, तांब्याच्या खाणीत.
चार महिन्यांनी येतो, पाठीवर मळक्या कपड्यांचं गाठोडं.
ग्रीस या फेसाला दाद देत नाही.
त्याला थोलाच्या झुडपाची राख लागते,
रात्रभर भिजवलेली, वरचं निवळ पाणी अलगद ओतून घेतलेलं.
हाताची कातडी आधी जाते, डाग नंतर.
तक्रार नाही करत. राख फुकट असते,
कातडी पुन्हा येते.

या खेपेला गाठोडं हलकं होतं.
सोडलं तर शर्ट धुतलेले.
कॉलर पांढऱ्या. बाह्या आत दुमडून
घातलेली घडी,
अशी घडी मी घालत नाही.
वास त्या जांभळ्या फुलाचा नव्हता,
दुसऱ्याच कुठल्या तरी, महागातल्या.

तो अंगणात यानेतला उचलून घेत होता,
"केवढी झालीस" म्हणत होता.

सासूबाईंनी माझ्याकडे बघितलं नाही.
एकेक शर्ट उलगडला,
आणि पहिल्या पाण्यात बुडवला.

"आजी, ते तर स्वच्छ आहेत," यानेत म्हणाली.
"लांबून आलेत," त्या म्हणाल्या,
"वाटेत मिठाची धूळ बसते."
आणि कोपरापर्यंत हात आत घालून
चोळत राहिल्या, आपल्याच लेकाचे शर्ट,
फेस काळा पडावा म्हणून की काय.
तो पडला नाही. पांढराच राहिला.
त्यांनी तरी दुसऱ्यांदा चोळले.

रात्री दोरीवर सगळे गोठले.
सकाळी काढायला गेले तर चार शर्ट,
हात पसरलेले, कडक, कसलाच वास नसलेले.
घडी घातली असती तर मोडले असते.
मी ते भिंतीला टेकवून उभे केले
आणि ऊन येईपर्यंत
शेजारी बसून राहिले.
आत तो अजून झोपला होता.
शिंक आली. मी दाबली नाही.